मंदी, थकलेले हप्ते आणि जुगार: सांगली-मिरजेच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन करते. सांगली, मिरज, कुपवाड आणि तासगाव-पलूसकडच्या घरांमधून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. पूर्वी येणारे बहुतेक जण दारूचे असत. आता दारूबरोबर, कधी दारूशिवायही, मटका, रमी आणि मोबाइलवरचा सट्टा घेऊन माणसं येतात. काम कमी झालं की ही रांग वाढते, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मागे कुठला तरी थकलेला हप्ता असतो.

एक गोष्ट आधीच सांगते. जीव द्यावासा वाटत असेल, किंवा घरातलं कुणी तसं बोलत असेल, तर पुढचं नंतर वाचा. आत्ता 14416 हा नंबर लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर 112 किंवा 108.

हातात पैसाच नाही म्हटल्यावर माणूस जुगार सोडेल ना? आमच्याकडे उलटं का झालं?

कारण मंदीत खेळण्याचं कारण बदलतं. चार पैसे जास्त असताना माणूस मजा म्हणून, मित्रांच्या नादानं खेळतो. तो खेळ तंगीत बऱ्याचदा आपोआप कमी होतो. पण दुसरा एक माणूस याच वेळी आत ओढला जातो. कुपवाडच्या एमआयडीसीत ओव्हरटाइम बंद झालाय, तीन पाळ्यांच्या दोन झाल्यात, कंत्राटी कामगाराला 'ब्रेक' दिलाय. गाडीचा हप्ता मात्र 5 तारखेलाच कापला जातो. तिकडे तासगावला बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये पडून आहे, सौद्यात दर निघत नाही, आणि औषधवाल्याची उधारी डोक्यावर आहे. ऊस गेल्यावर 14 दिवसांत बिल द्यावं असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पण बिल लांबलं तर सोसायटीचं व्याज थांबत नाही. अशा माणसाला महिन्याच्या शेवटी आठ हजार कमी पडतात. ते आठ हजार कष्टानं मिळवायचा रस्ता बंद दिसतो, आणि मोबाइलवर पाचशेचे आठ हजार झालेला कुणाचा तरी स्क्रीनशॉट फिरत असतो.

2008 मध्ये आइसलँडच्या बँका कोसळल्या, त्यानंतर तिथल्या संशोधकांनी हे तपासलं. मशीनवरचा खेळ कमी झाला होता, लॉटरी आणि स्क्रॅच तिकिटं वाढली होती, आणि पैशाची ओढाताण असलेली माणसं लॉटरीकडे जास्त वळली होती. थोड्या पैशात मोठी आशा विकणारा जुगार तंगीत खपतो. आपल्याकडे आकडा, म्हणजे मटका, नेमका तसा आहे. मुंबईत 1962 च्या सुमारास कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला आणि तो गिरणगावात पसरला. सातारा-सांगलीची कितीतरी माणसं त्या गिरण्यांत होती, त्यामुळे ओपन-क्लोजची भाषा आपल्या गावांना नवी नाही. नवीन इतकंच आहे की आता टपरीपर्यंत चालत जावं लागत नाही.

हा आजार आहे की नुसती वाईट खोड?

प्रत्येक खेळणारा आजारी नसतो. दिवाळीत पत्ते कुटणारा, वर्षात दोनदा लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस रुग्ण नव्हे. पण ज्याचा ताबा सुटलाय, नुकसान दिसत असूनही ज्याला थांबता येत नाही, त्याला आजार झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 2013 मध्ये त्याला दारू आणि इतर व्यसनांच्याच प्रकरणात नेऊन बसवलं, कारण मेंदूत जे घडतं ते बरंचसं सारखं आहे. तल्लफ येते, आधीची रक्कम पुरेनाशी होते, आणि सोडलं की चिडचिड, बेचैनी, झोप उडणं सुरू होतं.

आजार म्हटलं म्हणजे जबाबदारी संपली असं मात्र नाही. घरातल्या बायकांना ही भीती असते की डॉक्टरांनी 'आजार' म्हटलं की हा हात वर करेल. उपचारात जबाबदारी घ्यायला लावतातच.

आमच्या घरात हे चाललंय, हे ओळखायचं कसं?

दोन प्रश्न विचारा. एक, पूर्वीपेक्षा जास्त जास्त रक्कम लावावीशी वाटते का? दोन, किती खेळलो, किती गेले, हे जवळच्या माणसांपासून लपवावं लागलंय का? एकाचंही उत्तर 'हो' आलं तर डॉक्टरांकडे जाऊन नीट तपासणी करून घ्यावी.

पण खेळणारा बहुतेक वेळा खरं सांगत नाही, म्हणून घरात काय दिसतं ते सांगते. कपडे धुवायला काढताना पँटच्या खिशात सोनेतारणाची पावती सापडते, आणि कपाटातल्या डब्यात मंगळसूत्राच्या जागी नुसती गुलाबी कागदाची घडी असते. भिशी मध्येच उचललेली असते. दुसऱ्या पाळीवरून आलेला माणूस रात्री दोन वाजता चादरीत मोबाइलचा उजेड घेऊन पडलेला असतो, आणि तुम्ही कूस बदलली की उजेड विझतो. फोन आला की बोलायला गच्चीवर जातो. पगाराच्या दिवशी खूश, तिसऱ्या दिवशी कुणाशी बोलत नाही. मेहुण्याकडून, दुकानदाराकडून, कामावरच्या दोघा-तिघांकडून हातउसने घेतलेले असतात आणि प्रत्येकाला कारण वेगळं सांगितलेलं असतं. एखादी गोष्ट कुठल्याही घरात घडते. तीन-चार एकत्र दिसल्या तर गप्प बसू नका.

मटक्यात एकाला नऊ मिळतात. रोज लावत राहिलं तर कधीतरी लागेलच की?

लागेल. आणि तरीही पैसे जातील. आकडे दहा, त्यातला एक येणार, आणि देतात नऊ. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभरातले दहा रुपये सरासरीनं चालवणाऱ्याचे. हजार रुपये घेऊन सुरुवात केली आणि आलेलं पुन्हा लावत राहिलात, तर सरासरीनं पहिल्या फेरीनंतर 900 उरतात, दुसरीनंतर 810, दहावीनंतर साडेतीनशेच्या आसपास, विसावीनंतर सव्वाशेसुद्धा नाहीत. दोन आकड्यांच्या जोडीचंही तेच: शंभर शक्यता आणि नव्वदचा भाव. मध्ये एखादा दिवस भरघोस लागतो, तोच लक्षात राहतो.

'चार दिवस पंजा आला नाही, आज येणारच' हा हिशोब तर साफ खोटा आहे. आकड्याला कालचं काही आठवत नसतं. 18 ऑगस्ट 1913 रोजी मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर सलग 26 वेळा काळा आला होता. आता लाल येणारच या खात्रीनं लोक रक्कम वाढवत गेले आणि बुडाले. तिथेही लोक आपल्यासारखेच शहाणे होते.

हे कळूनही मन का ऐकत नाही?

कारण बक्षीस कधी येईल हे ठरलेलं नसतं. ठरावीक वेळी मिळणाऱ्या गोष्टीचा मेंदूला कंटाळा येतो. अधूनमधून, अवचित मिळणाऱ्या गोष्टीसाठी तो पुन्हा पुन्हा धावतो. त्यात 'थोडक्यात हुकलं' ही भावना फार घातक असते. आठ लावला आणि सात आला, तर तो पूर्ण पराभवच आहे, पण डोकं सांगतं की आपण जवळ पोचलोय. मोबाइलवरचे गेम हेच हेरून बनवलेले असतात. विमान उडतं, भाव चढतो, तुम्ही क्षणभर उशीर करता आणि वाटतं, जरा आधी बटण दाबलं असतं तर.

मटक्याचा निकाल दिवसातून ठरलेल्या वेळी येतो. मोबाइलवर मिनिटाला एक डाव होतो, म्हणून महिन्याचा पगार जायला एक रात्र पुरते.

आधी मन बिघडतं की आधी जुगार?

दोन्ही बाजूंनी घडतं. नोकरी गेल्यावर, बाग तोट्यात गेल्यावर माणूस खचतो. झोप येत नाही, जेवण जात नाही, कुणात मिसळावंसं वाटत नाही. अशात डाव लावला की तेवढी पाच मिनिटं डोकं रिकामं होतं. पुष्कळ जण मला सांगतात, 'मॅडम, जिंकायला नाही, डोक्यातला गोंधळ थांबायला खेळतो.' मग हरल्यावर आधीच्या उदासीत अपराधीपणाची भर पडते. म्हणून नुसता जुगार सोडवून भागत नाही. खाली नैराश्य असेल आणि त्याला हात लावला नाही, तर माणूस परत तिकडेच जातो किंवा दारूकडे वळतो.

ते म्हणतात, 'गेलेले तेवढे परत आले की शपथ, सोडतो.' विश्वास ठेवू का?

त्यांचं मन खरंच तसं म्हणत असतं. पण हे वाक्य हाच आजाराचा गाभा आहे. गेलेलं वसूल करायला खेळणं हे या आजाराच्या मुख्य लक्षणांपैकी एक आहे, आणि मंदीत ते दुप्पट जोरानं येतं, कारण गेलेला पैसा दुसऱ्या मार्गानं भरून निघण्याची शक्यता खरोखरच कमी असते. समजा चाळीस हजार गेलेत. ते परत मिळवायला मोठा डाव लागतो, मोठ्या डावात साठ जातात, आता लाखाचं भगदाड बुजवायचंय. कधी चुकून सगळे परत आले तरी थांबणं होत नाही, कारण तेव्हा 'आपल्याला जमतं' अशी खात्री झालेली असते.

माझा सगळ्यांना पहिला आग्रह असतो तो इथे. गेलेला पैसा गेला असं घरात बसून, मोठ्यानं बोलून मान्य करा. रक्कम वहीत लिहा. तो पैसा बुडीत खात्यात टाकल्याशिवाय पुढचं काहीच सुरू होत नाही. हे ऐकायला कठोर आहे, पण वसुलीचा हा नाद सुटला की निम्मं ओझं उतरतं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

सासऱ्यांनी एक एकर विकून सगळं कर्ज फेडायचं ठरवलंय. करावं का?

लगेच नको. मला माहीत आहे, दारात वसुलीला माणूस उभा असतो, गावात नाव जातं, आणि आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून सगळं गुपचूप मिटवायची घाई असते. पण उपचार सुरू होण्याआधी एकरकमी कर्ज फिटलं, तर खेळणाऱ्याच्या डोक्यात दोनच गोष्टी उरतात: पाटी कोरी झाली, आणि घर मागे उभं आहे. काही महिन्यांत नवं कर्ज उभं राहतं, आणि यावेळी विकायला एकर नसतो. जमीन गेलेल्या घरांत मी म्हाताऱ्या माणसांना ज्या तऱ्हेनं गप्प झालेलं बघितलंय, त्यामुळे हे एवढ्या जोरानं सांगते.

मग काय करायचं? आधी सगळं कर्ज कागदावर आणायचं. एका बसण्यात ते होत नाही. पहिल्या दिवशी माणूस निम्मंच सांगतो, आठवड्यानं आणखी दोन नावं निघतात. चिडू नका, यादी उघडी ठेवा. बँक, पतसंस्था, सोनेतारण, बचत गट, मायक्रोफायनान्स, मोबाइलवरचं लोन, सावकार, नातेवाईक, दुकानदार, बुकी. प्रत्येकासमोर रक्कम, व्याज, तारण काय, जामीन कोण. मग ठरवा: रेशन, शाळेची फी, लाइट बिल आणि औषधं यांना हात लावायचा नाही. त्यानंतर जिथे दागिन्याचा लिलाव निघणार आहे किंवा जामीनदार अडकणार आहे ते कर्ज. बँकेत आणि पतसंस्थेत स्वतः जाऊन हप्ता लांबवून मागा. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मंदीत काम गेलेल्या माणसाशी शाखाधिकारी बोलायला तयार असतात, न सांगता गायब होणाऱ्याशी नसतात. घरच्यांनी मदत करायचीच असेल तर पैसा थेट बँकेत भरा, खेळणाऱ्याच्या हातात रोख देऊ नका.

पैशाचा ताबा काही काळ दुसऱ्याकडे द्यावा लागतो. पगार, उसाचं बिल, बेदाण्याची पट्टी दोघांच्या सहीच्या खात्यात जाऊ द्या. एटीएम कार्ड घरात, यूपीआयची मर्यादा कमी, त्यांच्या मोबाइलवर बँकेचं ॲप नाही. आठवड्याचा खर्च रोख द्या. पण हे त्यांच्याशी बोलून, मुदत ठरवून करा. मोठ्या माणसाच्या हातावर भावंडांदेखत पन्नासची नोट ठेवली, तर त्या अपमानानं तो पुन्हा कर्ज काढायला जातो.

बुकी म्हणतो कोर्टात खेचतो. सावकार दहा टक्के महिन्यानं मागतो. लोन ॲपवाले नातेवाईकांना फोन करतात.

तिघांची उत्तरं वेगळी आहेत.

बुकी कोर्टात जाऊ शकत नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो आणि पैजेत जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करता येत नाही. तो धमकी देत असेल तर तोच गुन्हा आहे, पोलिस ठाण्यात जा.

सावकाराला परवाना लागतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 मध्ये आला. त्याखाली ठरलेले दर वर्षाचे आहेत: शेतकऱ्याला तारणावर 9 टक्के आणि विनातारण 12, इतरांना 15 आणि 18. महिन्याला दहा टक्के म्हणजे वर्षाला 120, हे कुठल्याच कायद्यात बसत नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. कोऱ्या चेकवर, कोऱ्या स्टँपवर सही दिली असेल किंवा जमिनीचं खरेदीखत करून दिलं असेल तर तेही लपवू नका. बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन परत देण्याची तरतूद याच कायद्यात आहे.

लोन ॲपच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायचे नाहीत, आणि नातेवाईक-मित्रांना गाठून बदनामी करायची नाही. फोटो बिघडवून पाठवण्याची धमकी आली तर 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा. आलेले मेसेज पुसू नका, तोच पुरावा.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो, महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही. हेल्पलाइन 15100.

नवऱ्याचं कर्ज मला फेडावं लागेल का?

तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल तर तुमच्याकडून वसुली करता येत नाही. म्हणून पतसंस्थेच्या कुठल्याही कागदावर 'नुसती सही कर' म्हणून सही करू नका, वाचून घ्या, फोटो काढून ठेवा. तुमचे दागिने तुमचं स्त्रीधन आहे. ते मारहाण करून किंवा न विचारता विकणं हा 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ धरला जातो. 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

ऑनलाइन पैशाचे गेम सरकारनं बंद केले ना?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन गेम, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा, चालवण्यावर त्यात बंदी आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्यामुळे 'सांगितलं तर मीच आत जाईन' या भीतीनं डॉक्टरांपासून हे लपवू नका. टपरीवरचा मटका आणि क्लबातले पत्ते यांना मात्र 1887 चा जुना जुगार प्रतिबंधक कायदा लागतो, त्यात खेळणाराही सापडतो.

बंदीनंतर नावाजलेली ॲप्स थांबली, पण टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर 'आयडी', म्हणजे सट्ट्याचं खातं, उघडून देणारे सुरूच आहेत. तिथे अडकलेला पैसा मागायला दारच नसतं. घरच्यांनी आयडी देणाऱ्याचा नंबर ब्लॉक करून घ्यावा आणि ग्रुपमधून बाहेर पडायला लावावं, शक्य असेल तर सिमही बदलावं.

मुलगा म्हणतो, मी जुगार खेळत नाही, ऑप्शन ट्रेडिंग करतो.

ऑप्शन ट्रेडिंग म्हणजे शेअर बाजारात भाव पुढे चढेल की उतरेल यावर केलेले सौदे. कायद्यानं तो जुगार नाही, आणि अभ्यासून, मर्यादेत करणारे थोडे लोक आहेत. पण शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेले आकडे त्याच्यासमोर ठेवा. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात गेले. खर्च धरून प्रत्येकी सरासरी सुमारे 2 लाखांचा तोटा, आणि सगळ्यांचा मिळून 1.8 लाख कोटींहून जास्त. इंजिनिअरिंग करून घरी बसलेली, कॅम्पसमध्ये नंबर न लागलेली मुलं यात फार अडकलेली दिसतात. तो कर्ज काढून करत असेल, तोटा लपवत असेल, दर गुरुवार-मंगळवारी, म्हणजे सौद्यांची मुदत संपते त्या दिवशी, 'आज कव्हर करतो' (तोटा भरून काढतो) म्हणत असेल, तर नाव काहीही द्या, वर लिहिलेली लक्षणं तीच आहेत.

मित्राने बँक खातं महिनाभर भाड्यानं मागितलंय, पाच हजार देतो म्हणतो.

देऊ नका. त्या खात्यातून सट्ट्याचा आणि फसवणुकीचा पैसा फिरतो, खातं गोठतं, आणि पोलिस खातेदाराच्या दारात येतात. कर्जात बुडालेल्यांनाच यासाठी हेरलं जातं.

दाखवायचं कुठे? आणि तिथे नक्की करतात काय?

मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याशी जोडलेलं सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय ही सरकारी ठिकाणं. केसपेपर काढताना 'मानसोपचार विभाग' म्हणा आणि ओपीडीचे दिवस विचारून घ्या. साताऱ्याच्या बाजूला असाल तर क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. लांब जाणं जमत नसेल तर सुरुवात 14416 वरून करा.

डॉक्टर आधी नैराश्य, दारू, झोप आणि जीव देण्याचे विचार तपासतात. मुख्य उपचार बोलण्याचा असतो. कुठल्या वेळी, कुणाबरोबर, कुठल्या विचारानं हात मोबाइलकडे जातो हे शोधायचं आणि त्या ठिकाणी दुसरं काहीतरी बसवायचं. जुगारासाठी म्हणून खास मंजूर झालेलं औषध नाही. तल्लफ कमी करायला काही जणांना नाल्ट्रेक्सोनचा उपयोग होतो, आणि नैराश्य असेल तर त्याची औषधं देतात. गंडेदोरे, शपथा आणि गावासमोर माफी यांनी तल्लफ जात नाही.

गावात कळेल ही भीती पुष्कळांना असते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. विमा असेल तर मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं, हेही त्याच कायद्यात आहे.

वडिलांना कंपवात आहे. आयुष्यात पत्त्याला हात न लावलेला माणूस अचानक लॉटरीची तिकिटं घेतोय.

कंपवाताच्या काही औषधांनी, विशेषतः प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल यांनी, असं होऊ शकतं. औषध स्वतः बंद करू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना लगेच सांगा, ते डोस बदलतील. वडिलांना दोष देऊ नका.

'मी गेलो की सगळे सुटाल' असं बोलतात. नुसतं घाबरवायला म्हणत असतील का?

घाबरवायला म्हणतात असं धरून कधीही चालू नका. जुगाराच्या आजारात आत्महत्येचा धोका बराच वाढतो, आणि सगळं उघडं पडल्यावरचे पहिले काही दिवस सर्वांत नाजूक असतात. थेट विचारा: 'जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्यांना एकटं सोडू नका. शेतीची औषधं घरात असतील तर ती शेजारच्या वस्तीवर किंवा दुसऱ्याच्या कुलपात ठेवा. हा विचार बऱ्याचदा काही तासांचा असतो, आणि तेवढे तास हाताशी काही नसणं यानं जीव वाचतात. त्या रात्री पैशाचा हिशोब काढू नका. 14416 लावा, सकाळी रुग्णालयात न्या.

प्रयत्न झालाच असेल तर पोलिस केसच्या भीतीनं दवाखान्यात नेणं टाळू नका. 2017 च्या कायद्याचं कलम 115 सांगतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम आहे.

मुलांना सांगावं का?

दहा-बारा वर्षांच्या मुलांना कळलेलंच असतं. 'बाबांना जुगाराचा आजार झालाय, उपचार चालू आहेत, तुझी शाळा सुरू राहील' एवढं पुरे. आकडे सांगू नका, आणि मुलाला बापावर पाळत ठेवायला लावू नका.

चार महिने बंद होतं, आयपीएल सुरू झालं आणि परत खेळले. सगळं पाण्यात गेलं का?

नाही. हा आजार बरा होताना घसरतो, डॉक्टरांना ते अपेक्षित असतं. किती गेले याबरोबर काय घडलं होतं हेही विचारा. बिल हातात आलं होतं का? कामावर कुणी बोललं होतं का? मंदीत धोक्याचे दिवस ठरलेले असतात: पगाराचा दिवस, हप्ता परत गेल्याचा मेसेज आलेला दिवस, जत्रा, सामन्यांचा हंगाम, आणि काम नसलेली लांब दुपार. त्या दिवसांचा बेत आधीच करून ठेवा. त्याच आठवड्यात डॉक्टरांची भेट घ्या, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

सगळे त्यांच्याबद्दल विचारतात. झोप माझी उडालीय.

हा प्रश्न बायका नेहमी शेवटी, उठता उठता विचारतात. केसपेपर तुमच्या नावानेही काढा. रोज छातीत धडधड होत असेल, मुलांवर हात उचलला जात असेल, रडू थांबत नसेल, तर उपचार तुम्हालाही लागतात आणि नवरा उपचाराला तयार नसला तरी तुम्ही एकट्या येऊ शकता. घरच्या माणसानं बोलायला सुरुवात केली की पुष्कळदा दोन-तीन महिन्यांनी खेळणाराही मागोमाग येतो. माहेरच्या एका तरी माणसाला खरी रक्कम सांगा. 14416 वर तुमच्यासाठीही बोलता येतं, रात्री तीनलासुद्धा.